हापसा बंद पडल्यावर कोण बघणार? परदेशातल्या विकासकामांसाठीचे सरकारी ग्रँटचे अर्ज कसे तपासतात

माझे मामा सांगली जिल्ह्यात, जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात होते, निम्मी नोकरी हातपंप दुरुस्तीच्या गाडीत काढली त्यांनी. मी इकडे बर्मिंगहॅमला एका छोट्या चॅरिटीचा ट्रस्टी आहे. ट्रस्टी म्हणजे बिनपगारी हमाल. आमची चॅरिटी मलावीत, आफ्रिकेतल्या त्या चिंचोळ्या देशात, खेड्यांमधे बोअर मारून हापसे बसवते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका सरकारी फंडाकडे अर्ज केला (नाव नाही घेत, आणि तसंही चूक आमचीच होती) आणि तो पहिल्याच फेरीत आपटला. वैतागून मामांना व्हिडिओ कॉलवर सांगत होतो की बघा ना, बायका दोन-दोन तास चालतात पाण्यासाठी, फोटो लावले, आकडे दिले, अजून काय पाहिजे यांना. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अरे पण हापसा बंद पडल्यावर कोण बघणार, ते लिहिलं होतंस का?"

नव्हतं लिहिलं. आणि फंडाकडून जो चार ओळींचा फीडबॅक आला होता त्यातली दुसरी ओळ साधारण हीच होती, फक्त इंग्रजीत आणि जरा गोड शब्दांत.

त्यानंतर मी या विषयात जरा जास्तच घुसलो. आपल्याकडे कुणी विचारलं की एवढी चांगली कामं असून पैसे का मिळत नाहीत, तर लोक म्हणतात ओळख लागते, वशिला लागतो. ब्रिटनमधल्या या फंडांच्या बाबतीत तरी अडचण बहुतेक वेळा वेगळीच असते. अर्ज वाचणारा माणूस तुमच्या कामाला मार्क देत नसतो, तुमच्या मनाच्या मोठेपणाला तर नाहीच नाही. तो बघतो की इथून पैसे निघाले तर तिकडे नेमकं काय बदलेल, ते बदललं हे तुम्हाला कळणार कसं, आणि तुम्ही निघून आल्यावर ते टिकेल का.

आता हे लोक इतके चिकित्सक का, याच्यामागे एक धरण आहे. मलेशियातलं पर्गाऊ धरण. १९८८ मध्ये ब्रिटनची मलेशियाशी साधारण १ अब्ज पौंडांच्या शस्त्रखरेदीची बोलणी चालली होती आणि त्यातच या धरणाला मदतीचे पैसे देण्याचा विषय येऊन चिकटला. परदेशी मदत बघणाऱ्या खात्यातल्या अर्थतज्ज्ञांनी हिशोब केला तर निघालं की हीच वीज गॅसवर स्वस्तात होईल, धरण हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. खात्याचे सचिव सर टिम लँकेस्टर यांनी तसं लेखी कळवलं. तरीही १९९१ मध्ये परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी ते मंजूर केलं, २३ कोटी ४० लाख पौंड. एक संस्था कोर्टात गेली आणि १९९४ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने सांगितलं की हे बेकायदा आहे, विकासासाठी दिलेला पैसा ज्याच्यात विकासाचा हिशोबच बसत नाही अशा कामाला देता येणार नाही.

पुढे २००२ मध्ये कायदाच आला. त्यात म्हटलंय की मंत्र्यांची खात्री पटली पाहिजे की या मदतीने गरिबी कमी व्हायला हातभार लागेल. २०१४ मध्ये त्यात भर पडली की स्त्री-पुरुष विषमतेवर काय परिणाम होईल याचाही विचार करा. म्हणजे अर्जात जेव्हा विचारतात की "याचा सर्वात गरीब लोकांना काय फायदा", "मुलींवर काय परिणाम", तेव्हा तो नुसता फॅशनचा प्रश्न नसतो, उद्या कुणी कोर्टात किंवा संसदेत विचारलं तर फाईलमधे उत्तर पाहिजे म्हणून विचारलेला असतो. हे एकदा डोक्यात बसलं की अख्खा फॉर्म वेगळा दिसायला लागतो.

बरं, आता प्रत्यक्ष काय होतं ते. मी उदाहरण म्हणून युके एड डायरेक्ट या फंडाची पद्धत धरतो, कारण छोट्या आणि मध्यम संस्थांसाठी वर्षानुवर्षं चाललेला हा फंड होता, आधी २०१० पासून दुसऱ्या नावाने आणि २०१४ पासून या नावाने. त्यातच अगदी बारक्या चॅरिटींसाठी एक वेगळा कप्पा होता, ज्यांचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाख पौंडांच्या आत आहे त्यांना ५० हजार पौंडांपर्यंत. सरकारी खातं स्वतः अर्ज वाचत बसत नाही, त्यासाठी एक बाहेरची कंपनी ठेवलेली असते फंड सांभाळायला, ती चाळणी लावते, वाचणारे नेमते, गुण गोळा करते, आणि शेवटी यादी खात्याकडे जाते.

पहिली चाळणी एकदम कोरडी असते. संस्था रजिस्टर्ड आहे का, ऑडिट झालेले हिशोब आहेत का, देश यादीत आहे का (युके एड डायरेक्टला मानव विकास निर्देशांकात तळाचे ५० देश किंवा मग अस्थिर देशांच्या यादीतला देश लागायचा, मलावी बसतो त्यात), मागितलेली रक्कम संस्थेच्या आवाक्याबाहेरची नाही ना, सगळी कागदपत्रं जोडलीत का. इथे कुणी तुमचं प्रपोजल वाचतही नाही. एक सही राहिली, चुकीच्या वर्षाचा ताळेबंद जोडला, की खेळ संपला. सातबारा जोडायचा राहिला म्हणून तहसील कचेरीतून परत आलेला माणूस आणि हा, एकाच जातकुळीचे.

त्यापुढे गेलात की मग खरे वाचणारे. सहसा दोघं जण, एकमेकांना न विचारता, तोच अर्ज वाचून गुण देतात. हे लोक या क्षेत्रातले असतात, कुणी पाण्यात काम केलेलं, कुणी शिक्षणात, आणि त्यांच्यासमोर असे अर्ज ढिगाने असतात. त्यांना तुमची ओळख नसते, त्यांनी तुमचं गाव बघितलेलं नसतं, आणि नियम असा की जे कागदावर आहे त्यालाच मार्क. तुम्ही पंधरा वर्षं त्या जिल्ह्यात काम करताय हे तुम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की लिहायचं राहून जातं, आणि मग ते नसल्यासारखंच. आमच्या पहिल्या अर्जात हे झालं. आमचा मलावीतला पार्टनर जिल्ह्याच्या पाणी कार्यालयात आठवड्यातून दोनदा जाऊन बसतो, तिथल्या इंजिनियरला नावाने ओळखतो, आणि आम्ही लिहिलं काय, तर "स्थानिक प्रशासनाशी चांगले संबंध". असं तर सगळेच लिहितात!

वाचणारा सर्वात जास्त वेळ कुठे घालवतो, तर साखळीवर. पैसे, मग काम, मग कामातून तयार झालेली गोष्ट, मग लोकांच्या आयुष्यात झालेला बदल, आणि त्याच्याही पुढे गरिबी कमी होणं. हे एका तक्त्यात मांडायचं असतं, त्याला लॉगफ्रेम म्हणतात. १९६९ च्या सुमारास अमेरिकन मदत खात्यासाठी हा प्रकार तयार झाला आणि तेव्हापासून जगभरच्या एनजीओवाल्यांच्या झोपा उडवतोय. दिसायला साधा एक्सेलचा तक्ता, पण आतून लय खवचट.

आमचाच एक रकाना दाखवतो. पहिल्या वेळी आम्ही लिहिलं होतं, निष्पत्ती: "२० हापसे बसवले". मोजमाप: "बसवलेल्या हापशांची संख्या". आता यात चूक काय? चूक अशी की हापसा बसवणं हे आमचं काम झालं, लोकांचा बदल नाही. हापसा बसला आणि पाणी खारट लागलं तर? बसला पण मुखियाच्या अंगणात बसला आणि बाकीच्या बायका तिकडे जातच नाहीत, तर? विसाच्या वीस बसवून आम्ही शंभर टक्के यशस्वी आणि गाव मात्र जुन्याच झऱ्यावर.

दुसऱ्या वेळी मग असं लिहिलं. हापसे ही खालची पायरी. वरची पायरी अशी की अमुक इतक्या घरांतल्या बायकांना जाऊन, रांगेत थांबून, पाणी घेऊन परत यायला ३० मिनिटांपेक्षा कमी वेळ लागतो. ३० मिनिटं हवेतून नाही आणली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून पाण्याच्या सोयीची जी मोजणी करतात त्यात साध्या सोयीची व्याख्याच ती आहे, रांग धरून. मग आजची स्थिती काय ते मोजून लिहायचं, पहिल्या वर्षाअखेर किती, दुसऱ्या वर्षी किती, हे मोजणार कोण आणि कशावरून, आणि शेवटच्या रकान्यात आपण काय काय गृहीत धरलंय ते. उदाहरणार्थ बोअरला पाणी लागेल हे आम्ही गृहीत धरलंय. काही बोअर कोरडे जाणारच, मग कोरड्या बोअरचा खर्च बजेटमधे धरलाय का? मामांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, हे बरंय, आमच्याकडे कोरडा बोअर गेला की पुढारी म्हणायचे इंजिनियर चुकला.

गृहीतकांचा हा रकाना लोक शेवटी घाईघाईत भरतात आणि वाचणारे बरेचदा तिथूनच सुरुवात करतात, म्हणून एवढं लांबण लावलं.

मग येतो पैशाचा मोबदला, म्हणजे व्हॅल्यू फॉर मनी. यावर गैरसमज फार. लोकांना वाटतं स्वस्तात करून दाखवलं की मार्क जास्त. तसं नाहीये. ब्रिटिश सरकारचे यात चार प्रश्न आहेत. सामान योग्य भावात घेतलं का, त्या सामानातून काम पुरेसं निघालं का, त्या कामातून बदल घडला का, आणि चौथा, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, की हे सगळं अगदी कडेच्या माणसापर्यंत पोचलं का. आता बघा, रस्त्यालगतच्या गावात हापसा बसवायला खर्च कमी, मशीन सहज जातं. आत, चिखलातून जायला लागतं अशा गावात खर्च बराच वाढतो. पहिले तीन प्रश्न म्हणतात रस्त्यालगत बसव, चौथा म्हणतो आत जा. वाचणाऱ्याला तुम्ही ही ओढाताण ओळखली आहे आणि विचार करून निवड केली आहे, एवढं दिसलं पाहिजे. अपंग माणसाला तो दांडा मारता येतो का, चौथऱ्याला उतार केलाय का, हेही त्यातच आलं. उलट बजेट अति स्वस्त दिसलं तर वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते, कारण त्याचा अर्थ बहुतेक वेळा तिथल्या माणसांना पगारच धरलेला नाही असा असतो.

आता मामांचा प्रश्न. टिकणार का? या मुद्द्यावर आपल्या मराठी मुलखाचं एक देणं आहे, फार कमी लोकांना माहितीये. दुष्काळाच्या काळात भारतात भराभर बोअर मारले गेले, वर ओतीव लोखंडाचे पंप बसवले, आणि ते पंप शेतावरच्या एका कुटुंबासाठी बनवलेले होते, अख्ख्या गावाचे हात पडल्यावर पटापट मोडायचे. १९७० च्या दशकात युनिसेफच्या लक्षात आलं की यातले बहुतेक पंप बंदच आहेत. मग चांगला पंप शोधताना जालना आणि सोलापूर इथे मिशनरी मंडळींच्या वर्कशॉपमधे सुधारलेले पंप सापडले, त्यातल्या सोलापूर पंपावरून इंडिया मार्क टू तयार झाला, जो आज आपल्याकडे गावोगावी दिसतो आणि आफ्रिकेतही बऱ्याच देशांत गेला. पण मार्क टू उघडायला अवजड पान्हे आणि दुरुस्तीची गाडी लागते, मामांची नोकरी त्याच्यावरच चालली म्हणा. म्हणून पुढे आफ्रिकेत आफ्रिडेव्ह नावाचा पंप आला, ज्याचे पूर्वज मलावीतलेच, तो असा बनवलाय की गावातल्या बायकांनी स्वतः उघडून आतलं रबरी सील बदलावं.

आणि तरीही आफ्रिडेव्ह बंद पडलेले दिसतात. कारण सील चिल्लर किमतीचं असतं पण ते मिळायचं दुकान चाळीस किलोमीटरवर. म्हणून "आम्ही गावात पाणी समिती स्थापन करू" या वाक्याला आता मार्क मिळत नाहीत. वाचणारा विचारतो, समिती महिन्याला किती गोळा करणार, पैसे कुणाकडे राहणार, सुटे भाग कुठल्या बाजारात मिळतात, मोठा बिघाड झाला तर मिस्त्री कोण आणि त्याचे पैसे कोण देणार, जिल्ह्याच्या यादीत या हापशाची नोंद होणार का. अर्जात या प्रश्नांना एक पान दिलं तरी कमी पडतं.

दोघांचे गुण आले की ते जुळवतात. एकाने भरपूर दिले आणि दुसऱ्याने कमी, तर बैठक होते, वाद होतो, कधी तिसऱ्याला वाचायला देतात. मग एक रेघ मारली जाते. इथे दैवाचा भाग आहेच, तो कुणी नाकारू नये, कारण रेघेच्या वरचा शेवटचा आणि खालचा पहिला यांच्यात फरक असतो केसाएवढा. शिवाय सगळे मलावीचेच चांगले अर्ज आले तर? सगळे पाण्याचेच आले तर? मग यादीचा तोल बघतात. शेवटचा शिक्का सरकारचा.

निवड झाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं असं वाटतं, पण आता ड्यू डिलिजन्स. आधी तुमचा अर्ज तपासला, आता तुम्हाला तपासणार. संस्था चालवतं कोण आणि निर्णय कसे होतात, काम करायची कुवत आहे का, पैशाची स्थिती बरी आहे का, आणि पुढे ज्या पार्टनरला पैसे देणार त्याच्यावर तुमचं लक्ष कसं असतं. या शेवटच्यासाठी एक नकाशा काढून द्यावा लागतो की पैसा लंडनहून कुणाकुणाच्या हातून शेवटच्या गावापर्यंत जातो. २०१८ मध्ये ऑक्सफॅम या मोठ्या ब्रिटिश मदतसंस्थेच्या हैतीतल्या कर्मचाऱ्यांचं लैंगिक शोषणाचं प्रकरण बाहेर आलं, त्यानंतर यात सेफगार्डिंगची, म्हणजे आपल्याच माणसांकडून कुणाला त्रास होऊ नये याच्या व्यवस्थेची, तपासणी फार कडक झाली. कामावर घेताना चौकशी करता का, गावातल्या एखाद्या मुलीला तुमच्याच माणसाविरुद्ध तक्रार करायची असेल तर ती कुणाकडे आणि कशी करणार. हे बरोबरच आहे. आमच्याकडे तक्रारीसाठी ईमेल होता! खेड्यात, जिथे लाईट नाही तिथे. आमची आम्हालाच लाज वाटली.

आणि पैसे? सहसा आधी खर्च करा, मग तीन महिन्यांनी बिल लावा. छोट्या संस्थेचा जीव इथे जातो. काही फंड छोट्यांना उचल देतात, पण ती मागून घ्यावी लागते. पुढे दरवर्षी आढावा, त्यालाही श्रेणी, ठरल्याप्रमाणे झालं तर ए, जास्त झालं तर ए प्लस वगैरे, कमी पडलं तर बी, सी.

माझी या सगळ्यावर एक तक्रार आहेच. ही पद्धत कागदाला मार्क देते, आणि कागद चांगला लिहिणं हे वेगळं कसब आहे. ज्यांना कन्सल्टंट परवडतो त्यांचं इंग्रजी गुळगुळीत असतं, आणि तिकडे गावात खरं काम करणारा माणूस तिसऱ्या भाषेत फॉर्म भरत असतो. छोट्यांसाठी वेगळा कप्पा काढणं हा त्याच्यावरचा उपाय, अर्धामुर्धा. शिवाय पैसाच आटतोय. ब्रिटनने २०१५ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यायची असा कायदा केला, २०२१ पासून ते ०.५ वर आणलं, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की २०२७ पर्यंत ०.३ वर नेणार. त्यातही २०२३ मध्ये चौथ्या हिश्श्याहून जास्त पैसा ब्रिटनमधेच आलेल्या निर्वासितांवर खर्च झाला, म्हणजे परदेशी मदत पण देशातच.

भारतातले वाचक विचारतील आम्हाला काय उपयोग. ब्रिटनने २०१२ मध्ये जाहीर करून २०१५ अखेर भारताला थेट अनुदान देणं थांबवलं, त्यामुळे या दारात उभं राहून फार फायदा नाही. पण जपान सरकारची तळागाळातल्या कामांसाठीची छोटी ग्रँट भारतात मिळते, महाराष्ट्रातल्या संस्था मुंबईच्या जपानी वकिलातीकडे अर्ज करतात. तिथे चाल वेगळी, इमारत, उपकरणं, गाड्या अशा गोष्टींना पैसे, पगार आणि रोजच्या खर्चाला नाही, आणि वकिलातीचा माणूस स्वतः जागेवर येऊन बघून जातो. प्रश्न मात्र तोच, मशीन घेऊन दिलं तर चालवणार कोण आणि खर्च कुठून. आणि कुठलाही परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा भारतातला कायदा, आहेच, २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या खात्यातच घ्यायचा, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत, आणि मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा नाही.

आमचा दुसरा अर्ज दुसऱ्या एका फंडात पास झाला, मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं पण मिळालं. पहिल्या वर्षाच्या आढाव्याला आलेल्या बाईंनी एका गावात समितीतल्या आजीबाईंना विचारलं, सील फाटलं तर काय करता? आजी उठून घरात गेल्या आणि लोण्याच्या रिकाम्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवलेली दोन नवी सीलं घेऊन आल्या. पार्टनरने तो फोटो पाठवला, मी लगेच मामांना फॉरवर्ड केला. निळ्या टिका झाल्या, बराच वेळ काही नाही, मग उत्तर आलं, "दोनच? तीन ठेवायला सांग."